माझ्या मागून चालणारे तिघे

पऱ्ह्यांच्या पेंढ्या आज सकाळी बांध्यांत पडल्या. धानाची कोवळी रोपं मुळासकट उपटली की एक वास सुटतो, ओल्या केसांना यावा तसा, त्यात थोडी मासळी मिसळलेली. तो नाकात शिरला की मी जागच्या जागी थांबतो आणि हात आपोआप छातीवर जातो. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस राष्ट्रगीत ऐकतो आहे. मी ऐकत असतो ते वेगळंच.

आमगावात माझं ताडपत्र्या, दोर आणि छत्र्यांचं दुकान आहे. घर मात्र गावात, आणि गाव आमगावला इतकं लागून की रेल्वेची शिटी वाजली तर आमच्या वाटीतल्या वरणात लाट उठते. घरामागे बांध्या, म्हणजे चारी बाजूंनी मातीचे धुरे घातलेले धानाचे चौकोन, आणि बांध्यांच्या पलीकडे बोडी, आमचा लहानसा तलाव. रोवणा, धानाची लावणी, सुरू झाला की झाडून सगळं गाव चिखलात उतरतं. घरांना कड्या लागतात. दुपारी बारा वाजता गल्लीतून गेलात तर स्वतःच्या चपलेचा आवाज पुढच्या वळणावरून परत येतो आणि वाटतं, तिकडून आपणच येतो आहोत. त्या दिवसांत गावात उरतात तीनच जीव: कुत्री, मारुती आणि मी. कुत्रीसुद्धा जेवणाच्या वेळी धुऱ्यावर जातात.

मी थापा मारतो हे आजूबाजूच्या पाच गावांना ठाऊक आहे. बोडीत मी एकदा मरळ धरली होती, तिला बाहेर काढल्यावर पाणी वीतभर उतरलं, हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की आता लोक मला पाण्याची पातळी विचारतात. म्हणून आधीच सांगून ठेवतो, ज्या पावसाळ्याबद्दल हे लिहितो आहे त्यात मी एकही थाप घातलेली नाही. फार तर दोन. आणि त्या दोन कुठल्या हे मलाही नीट सांगता यायचं नाही.

आमच्या घरातले पुरुष एकोणपन्नास वर्षांचे असताना मरत. रोवण्याच्या दिवसांत मरत. ही थाप नाही.

पणजोबा बैलामागे धावताना गेले. बैल पऱ्ह्यांत घुसला, पणजोबा उठून धावले आणि तिसऱ्या बांधीत पालथे पडले. घरच्यांनी विचार केला आणि ठरवलं, धावण्यानं गेले. त्या दिवसापासून आमच्या घरात पुरुषानं धावणं बंद. आजोबांच्या अंगावर वळवाची गार पडली तरी ते सावकाश, भिजत, मानानं घरी येत. ते गेले बोडीच्या पाळीवर, तिच्या काठच्या बांधावर, चालता चालता. घरच्यांनी पुन्हा विचार केला, चालणंही वाईट. मग बाबा चालेनासे झाले. शेजारच्या घरी कुंकवाला बोलावणं करायचं असलं तरी ते बैलगाडी जुंपायला लावत, आणि गाडी वळेपर्यंत शेजारचे लोक स्वतःच येऊन जात. बाबा गेले ते बाजेवरून उठताना. एक पाय जमिनीवर, एक बाजेवर. घरच्यांनी तिसऱ्यांदा विचार केला.

पणजोबांपासून धावणं गेलं, आजोबांपासून चालणं, बाबांपासून उठणं. माझ्या वाट्याला सोडण्यासारखं फक्त श्वास घेणं उरलं होतं, आणि त्याबद्दलही आईचं मत फारसं बरं नव्हतं.

आईला हसू नका. आजोबा पाळीवर पडले त्या वर्षी ती लग्न होऊन नुकतीच आली होती. हिरव्या बांगड्यांच्या हातांनी तिनं सासऱ्याचं प्रेत धुवायला पाणी ओतलं. पुढं नवऱ्याचं. नंतर तिच्यापुढं मी उरलो. लहानपणी शाळेच्या मैदानात मुलं धावायची तेव्हा मी कुंपणाशी बसून त्यांचे सदरे सांभाळायचो. मोठा झाल्यावर तिनंच मला बसून करायचं दुकान काढून दिलं. गादी इतकी जाड की गिऱ्हाईक यायचं तेव्हा त्याला आधी माझं पोट दिसे, मग मी.

तीन वर्षांपूर्वी मी एकोणपन्नास वर्षांचा होतो. पोळ्याच्या सुमाराला पन्नास पूर्ण होणार होती. मध्ये एक रोवणा होता.

मृग लागायच्या आधी दुकानात ताडपत्रीचं एक भेंडोळं सरकवलं आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. ते बायकोच्या, सरिताच्या, कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी तिनं मला गाडीत घालून गोंदियाला नेलं. डॉक्टरीणबाई वयानं माझ्या भाचीएवढ्या. मला अंकल म्हणाल्या, तिथंच माझं अर्धं आयुष्य कमी झालं.

"अंकल, दिनभर में कितना चलते हो?"

"घरातून मोटरसायकलपर्यंत."

"और?"

"मोटरसायकलवरून गादीपर्यंत."

त्यांनी मला एका खोलीत नेलं. खोलीला खिडकी नव्हती. छातीला तारा चिकटवल्या आणि एका पट्ट्यावर उभं केलं. पट्टा सरकू लागला. मी चालत होतो आणि समोरची भिंत होती तिथंच होती. पाय जात होते, मी पोचत नव्हतो. आयुष्यात पहिल्यांदा इतकं चाललो आणि तेही कुठेच न जाण्यासाठी. बाजूच्या यंत्रातून कागदाची पट्टी निघत होती, तिच्यावर काळी रेघ वर जाई, खाली येई. मी लिहीत नव्हतो. डॉक्टरीणबाई लिहीत नव्हत्या. कोणीतरी आतून लिहीत होतं, घाईघाईनं, जणू पुष्कळ दिवस त्याला कागद मिळाला नव्हता.

बाबांची अशीच एक जुनी पट्टी आईनं पेटीत, धोतराच्या घडीत, ठेवलेली होती. सरितानं ती बरोबर आणली होती, मला न सांगता. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद एकाखाली एक धरून उजेडाकडे केले. बराच वेळ पाहिलं.

"सेम टू सेम," त्या म्हणाल्या, आणि मग म्हणाल्याचं त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी पंखा वाढवला.

मीही पाहिलं. दोन्ही रेघांना एकाच जागी एकच खळगा. कागद पिवळा आणि पांढरा, मध्ये इतकी वर्षं, एक माणूस राख झालेला, आणि खळगा तोच. माझ्या छातीत बसून बाबा सही करत होते.

"म्हणजे ते आत आहेत," मी म्हणालो.

"उनके जीन्स हैं, अंकल. तुमच्या बाबांचे, त्यांच्या बाबांचे. सगळ्यांचे."

"छातीत?"

"छातीतच नाही. हर कोशिका में, प्रत्येक पेशीत. नखापासून केसापर्यंत."

मी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा गप्प होता, पण मला तो एकटा वाटेना.

नंतर त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो, कारण त्यांची भाषा अर्धी हिंदी होती, अर्धी औषधांची. घराण्यातून जे आलं ते आलं, ते पुसता येत नाही. पण ते सगळंच्या सगळं एकाच वेळी जागं नसतं. काही जीन्स चालू, काही मंद, काही बंद. माणूस रोज दम लागेल इतका चालला, तर स्नायूंत आणि रक्ताच्या नळ्यांत साखर-चरबी जाळणारे जीन्स कामाला लागतात, नळ्या मोकळ्या ठेवणारे जागे होतात, आतली सूज पेटती ठेवणारे जरा दबतात. बसून राहिलं तर उलटं. मला ते ऐकताना आमची बोडी दिसली. बोडीचं पाणी तेच असतं, बांध्यांचा नकाशा तोच असतो. पण पाट कुठे फोडला आणि कुठे माती घालून बुजवला, यावर ठरतं कोणती बांधी डोलेल आणि कोणती वाळेल. आमच्या घरानं तीन पिढ्या एकाच बांधीला पाणी दिलं होतं. तिच्यात उगवत होतं ते मरण.

"मग चाललो की सुटलो?"

"गॅरंटी कोणी नाही देत. बीपी की गोली रोज. हृदयाची भिंत थोडी जाड झाली आहे. दहा मिनटं चाला, मग पंधरा, मग वीस. छाती दुखली, चक्कर आली, लगेच थांबायचं, लगेच यायचं. आणि एकदम धावायचं नाही."

एवढं बोलून त्या थांबल्या आणि मराठीत म्हणाल्या, "घाई करू नका. पण सुरू करा."

घरी आल्यावर आईनं ऐकून घेतलं. तिनं डॉक्टरीणबाईंना नावं ठेवली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे बूट सापडेनात. ते धानाच्या कोठीत निघाले, खूप खाली, खांद्यापर्यंत हात घालावा लागला. मी अनवाणी निघालो तर ती दारात आडवी.

"कुठी चालला गा?"

"पाळीवर. दहा मिनिटं."

"तुझा आजा बी पाळीवरच गेला होता."

"दहाच मिनिटं, आई."

"त्याले तर पाच बी नाई लागले."

तिच्या बाजूनं निघण्याएवढी जागा होती. मी निघालो. पाठीवर तिची नजर अशी बसली होती की सदरा ओला वाटला, आणि पाऊस तर अजून सुरू व्हायचा होता.

पाळीवरची सकाळ मी कधी पाहिलीच नव्हती. मृग लागायचा होता, पण रात्री वळीव कोसळून जात होता. ढग इतके खाली की हात वर करावा आणि बोटं ओली व्हावीत. बोडीचं पाणी पाटीसारखं, ना हलतं, ना चमकतं. पलीकडच्या बांधीत सारसाची जोडी उभी, माणसाच्या उंचीची, लाल माना. ती दोघं चालायची आणि पाण्यावर तरंग उठत नसत. मध्येच एक मान वर करून ओरडे, दुसरा तो आवाज पूर्ण करी, आणि मग जी शांतता पडे ती आधीच्या शांततेपेक्षा जुनी असे.

मी चालू लागलो. पच्. पच्. पाळीवरचा चिखल पाय सोडताना आवाज करतो. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आवाज जास्त आहेत. मी एक पाऊल टाकतो, पच्, आणि मग मागून, थोड्या उशिरानं, पच्, पच्, पच्.

तीन.

मी थांबलो. ते थांबले. मागं पाहिलं तर पाळ रिकामी, माझ्याच पावलांचे खड्डे, त्यांत हळूहळू पाणी भरत होतं. मी शहाणा माणूस आहे. ओला चिखल दबतो आणि मग सावकाश फुगतो, बुडबुडा सुटतो, आवाज उशिरा येतो, हे मी स्वतःला समजावलं. पण चिखलाला मोजता येतं हे मला ठाऊक नव्हतं. तीन. रोज तीन. चार नाही, दोन नाही.

सरिताला सांगितलं, ती म्हणाली, "मरळ होती का?" गावात सांगायचा प्रश्नच नव्हता. मी खोटं बोललो तर गाव हसतं, आणि खरं बोललो तर खुर्ची आणून बसतं.

मी रोज जात राहिलो. का, ते सांगतो. घरी बसलो की छातीतला ठोका ऐकू यायचा, आणि ठोक्याच्या मागं मी वाट पाहायचो, हा शेवटचा का. पाळीवर निदान ऐकायला दुसरं काही होतं. दहा मिनिटांची पंधरा झाली. मग वीस. पाऊस लागला. पहिल्या दिवशी पाळीच्या वडापर्यंत जाताना तीनदा टेकावं लागलं होतं, मग दोनदा, मग एकदा. एका सकाळी मी वडापाशी पोचलो, श्वास जागेवर होता, आणि कान देऊन ऐकलं तर मागं दोनच.

मी थोडा थांबलोसुद्धा. खरं सांगतो, थांबलो. कोणीतरी दमून खाली बसलं असेल असं वाटलं. बाबांना चालायची सवय नव्हती.

त्यानंतर कितीतरी दिवसांनी, वडाच्या पुढं सांडव्यापर्यंत जाऊ लागलो तेव्हा, आणखी एक कमी झाला. आजोबा वडापर्यंतच यायचे. ते पडले होते तीच जागा. वडाच्या पुढं ते कधी आले नाहीत. पण तिसरा येत होता. तिसऱ्याचं पाऊल माझ्यापेक्षा हलकं आणि जलद होतं. मी वेग वाढवला की तो वाढवी. कधी कधी तो इतका जवळ येई की मानेवर गार लागे. पणजोबा. धावता धावता गेलेला माणूस. त्याला मागं टाकायचं कसं?

तोवर आमच्या बांध्यांत रोवणा लागला होता.

रोवणा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगायला हवं, त्यात बाया उलट्या चालतात. कमरेत वाकून, ओळीनं, डाव्या हातात पेंढी, उजव्या हाताच्या बोटांनी चिखलात रोप खोचत, एकेक पाऊल मागं. पुढं हिरवं होत जातं आणि त्या त्याच्यापासून लांब जातात. आभाळ काळं असलं आणि गाणं थांबलेलं असलं की धुऱ्यावरून ते पाहवत नाही. चेहरे नाहीत, फक्त पाठी, आणि सगळ्या पाठी एकाच वेळी मागं सरकतात, पाहत नाहीत कुठे जातो ते. असं वाटतं, वेळच उलटी चालली आहे आणि संध्याकाळपर्यंत आपण कोणाच्या तरी पोटात परत जाणार.

ओळीचं पहिलं टोक सुमनबाईचं. विहाराजवळच्या वस्तीतल्या बाया तीच घेऊन येते, माझ्या जन्माच्या आधीपासून. आईच्याच वयाची, सत्तरी ओलांडलेली. मी धुऱ्यावर येऊन उभा राहिलो, पायांत बूट, तेव्हा तिनं वाकल्या वाकल्याच विचारलं, "बापू, तुमी रोज पाळीवर काऊन जाऊन राहिले? जनावर हरवलं का?"

"व्यायाम, सुमनबाई. डॉक्टरीणबाईंनी सांगितला. रोज चालायचं, घाम काढायचा."

"अस्सं," ती म्हणाली. "आमी त्याले मजुरी म्हणतो."

ओळीतून हसू गेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाठी हलल्या.

"चाला तर मंग," कोणीतरी म्हणालं, "आमच्या इकडं घाम बक्कळ आहे."

मी बूट काढले. दीड महिना चाललो होतो, गोळी रोज घेत होतो, परवाच डॉक्टरीणबाईंना दाखवून आलो होतो. पाय चिखलात घातला. गुडघ्यापर्यंत आत गेला, आणि आत गार, मऊ, तोंडासारखं काहीतरी. तेवढ्यात मागून आवाज आला. आई आली होती. बायांची शिदोरी घेऊन सरिता येणार होती, तिच्याबरोबर आईही निघाली होती.

"बाहेर निघ," ती म्हणाली. ओरडली नाही. "याच बांधीत तुझा पणजा गेला. धावूनच गेला. बाहेर निघ बाबू."

ओळ थांबली. सुमनबाईनं पेंढी खाली ठेवली आणि हळूहळू, एकेक मणका मोजत असावी तशी, सरळ उभी राहिली. ती पूर्ण सरळ होत नाही आता. जेवढी झाली तेवढी झाली.

"धावून नाई गेला तो, बाई," ती आईला म्हणाली.

"तुले का मालूम?"

"माही माय त्या दिवशी याच बांधीत रोवत होती. नवी नवरी. ती आमाले सांगे. जमीन वाढली तवापासून बुढ्यानं बारा वर्स बाजेवरून पाय खाली नाई ठेवला. जेवण बी बाजेवर, चिलीम बी बाजेवर. त्या दिवशी बैल घुसला अन् बुढा एकदम उठून धावला. बारा वर्साचं बसणं अन् एकदम धावणं. छाती ते कायची, लोखंडाची का?"

पाऊस नव्हता, तरी मला पाण्यावर थेंब पडल्याचा आवाज आला.

"मंग कोनी सांगितलं काऊन नाई?" आई म्हणाली.

"कोनाले सांगाचं?" सुमनबाईच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "तुमच्या ओसरीवर चढून सांगाचं होतं का माह्या मायनं? कोनं इचारलं तिले? तुमचे माणसं बाजेनं मेले, बाई. चिखलानं एक बी नाई मेला. आमाले सगळ्यायले मालूम आहे."

मी तिघांच्या मरणावर घरात चाललेला विचार इतकी वर्षं ऐकत आलो होतो. त्या विचारात कधीच कोणी धुरा उतरून खाली आलं नव्हतं. पणजोबा पडले तिथं वाकलेल्या इतक्या बाया होत्या. त्यांनी पडताना पाहिलं, त्याच्या आधीची बारा वर्षंही पाहिली. आम्ही मात्र ओसरीवर बसून ठरवत राहिलो, आणि ठरवत ठरवत एकेक माणूस आणखी घट्ट बसवत गेलो. हेही खरं की आमचं बसणं त्यांच्या चालण्यावर चाललं होतं. सुमनबाईचं हृदय ठणठणीत असेल, पण तिचे गुडघे गेले आहेत आणि पाठ गेली आहे. डॉक्टरीणबाईंनी मला दमलात तर थांबा म्हणून सांगितलं होतं. तिला तसं कधीच कोणी सांगितलं नव्हतं, आम्ही तर नाहीच.

आई धुऱ्यावर बसली. छत्री उघडली. माझ्याकडे पाहिलं नाही, सुमनबाईकडे पाहत म्हणाली, "एकच पात. अन् तुझ्या बाजूले घे त्याले."

मी वाकलो. पेंढी घेतली. पहिलं रोप खोचलं, ते लगेच तरंगून वर आलं, शेजारची बाई म्हणाली, "रोप आहे, बापू, होडी नाई." दुसरं राहिलं. पाऊल मागं. तिसरं. पाऊल मागं.

आणि मग मला ते कळलं. पाळीवर तो तिसरा माझ्या मागून येई. इथं मी उलटा चाललो होतो. मागून येणारा आता समोर असायला हवा होता.

मी मान वर केली. समोर मी लावलेली वाकडी ओळ, रोपांची टोकं पाण्याबाहेर, खाली त्यांचीच उलटी टोकं. वारा नव्हता. आणि त्या ओळीतून, पलीकडच्या धुऱ्यापासून, रोपं एकेक करून हलत येत होती. काहीतरी पाण्याखालून किंवा पाण्यावरून येत होतं, जलद आणि हलकं. बेडूक म्हणा. साप म्हणा. मला पळून जाता आलं असतं. पण एकदम धावायचं नाही असं सांगितलेलं होतं, आणि खरं तर दोन्ही पाय चिखलानं धरलेले होते. छातीत ठोके इतके मोठे की वाटलं सगळी ओळ ऐकते आहे. एक चुकला. मी पुढच्याची वाट पाहिली.

शेवटचं रोप हललं. माझ्या गुडघ्याला काहीतरी गार लागून पुढं गेलं, थांबलं नाही, माझ्याकडे वळलं नाही. मला वाटतं तो माझ्यासाठी नव्हताच. तो अजून त्या बैलाच्या मागं होता. मी त्याच्या वाटेत होतो एवढंच.

पुढचा ठोका पडला.

"हात चालवा बापू," सुमनबाई म्हणाली, "मागं राहिले तर तुमालेच रोवून टाकू."

मी पात, म्हणजे या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंतची माझ्या वाट्याची पट्टी, पूर्ण केली. अर्ध्यावर दोनदा थांबलो, सांगितल्याप्रमाणं. बाहेर आलो तेव्हा आईनं माझा हात धरला आणि मनगटावर बोटं ठेवली. तिला नाडी मोजता येत नाही. ती नुसती धरून बसली.

पोळा आला, गेला. बैलांच्या शिंगांना बेगड लागली, पुरणाचा वास घरभर झाला आणि माझी पन्नास पूर्ण झाली. घरात असा दिवस कधी आला नव्हता, त्याचं काय करायचं हे कोणाला माहीत नव्हतं. मी नवा सदरा घालून दिवसभर इकडून तिकडे फिरलो, परीक्षेचा पेपर देऊन झाल्यावरही घंटा होईना तसं.

त्यानंतर दोन पावसाळे गेले, हा तिसरा. मी अजून गोळी घेतो, अजून पाळीवर जातो, रोवण्यात एखादी पात करतो. खळगा कागदावर आहेच. डॉक्टरीणबाई म्हणतात, तो राहील, पण दम वाढला, बीपी खाली आलं, चालत राहा. पावलांमागं आता आवाज येत नाहीत. खोटं कशाला बोलू, कधी कधी सांडव्यापाशी मी मुद्दाम हळू होतो. माझ्या अंगात ते तिघं आहेत हे मला माहीत आहे, नखापासून केसापर्यंत. झोपले असतील. झोपलेल्या माणसांच्या घरात चालताना पाय जपून टाकतो तसा मी माझ्यातच जपून टाकतो.

आज सकाळी पाळीवरून परत आलो. पाऊस होता. डोक्यावरचे केस बरेच गेले आहेत, राहिले ते पांढरे, मिशीही पांढरी. गाल आत गेले आहेत. आई पडवीत सुपात तांदूळ पाखडत बसली होती. मी दारात उभा राहून अंगावरचं पाणी झटकलं. तिनं वर पाहिलं.

सूप बाजूला ठेवलं. पाय जवळ घेतले. आणि पदर ओढून डोक्यावरून पुढं, कपाळाच्या खाली, पार डोळ्यांवर घेतला. सासऱ्यासमोर नव्या सुनेनं घ्यावा तसा.

"सरिता," ती हळूच आत म्हणाली, "कोनी मोठे माणूस आले व."

सरिता आतून आली, माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"आई," मी म्हणालो, "मीच आहो."

"मालूम आहे मले," पदराच्या आतून आई म्हणाली. पदर खाली केला नाही. "म्हातारे झाल्यावर आपल्या घरचे माणसं असे दिसतेत तर. पाहून राहिली."

मी दारात तसाच उभा राहिलो. काहीतरी बोलायला हवं होतं. पण या वयाचा पुरुष या घरात कधीच काही बोललेला नव्हता, आणि तो कोणत्या आवाजात बोलतो हे मलाही माहीत नव्हतं.